हिरवं पोड

वर्गात आल्या आल्या मॅडम म्हणायच्या, "आज जे आले नाहीत त्यांनी हात वर करा."

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. हातात खडू धरून, चष्म्याच्या वरून आमच्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या, जणू खरंच मागच्या बाकावरून कुणी हात वर करणार होतं. हसणं विरल्यावर म्हणाल्या, "नाही ना करत कोणी? बस. संख्याशास्त्रात एवढंच शिकायचं असते. बाकीची गणितं गाइडमध्ये मिळतात."

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे अर्धवट समजायचे, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. उंच, हाडकुळ्या, केस इतके करकचून बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या वाटत. पायात पुरुषी चामडी चपला, हातात बाजाराची नायलॉनची पिशवी. एकट्याच राहायच्या. कुणाला घरी बोलवायच्या नाहीत, कुणाकडे जायच्या नाहीत. मुलांवर माया वगैरे करणाऱ्या त्या बाई नव्हत्या. चाचणीत मी एकदा 'सर्व विद्यार्थ्यांच्या मते' असं लिहिलं, तर 'सर्व' या शब्दाभोवती लाल गोल करून त्यांनी मला नापास केलं होतं. बाकीचं उत्तर वाचलंच नव्हतं.

"मॅडम, पुढचं तर बरोबर आहे ना?" मी रडवेली होऊन विचारलं.

"पहिल्या शब्दात खोटं बोललीस. पुढचं काहून वाचू?"

बाजारात त्या वांगी निवडून घ्यायच्या नाहीत. डोळे दुसरीकडे करून टोपलीत हात घालायचा आणि हाताला येईल ते पिशवीत टाकायचं. भाजीवाल्या बायकांची करमणूक व्हायची. एक बाई तर त्यांना बघितलं की शेजारणीला कोपराने ढोसायची. "बाई, पाहून घ्या न. किडकं निंघन," ती म्हणायची. मॅडम म्हणायच्या, "निंघू दे. निवडून घेतलं की आपल्या पसंतीची वांगी समजतात, टोपली कशी आहे ते नाही समजत." अशी त्यांनी जन्मभर किडकी वांगी खाल्ली. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण कुणी काढली की त्या खवळायच्या. "वरचं शीत काढता अन् खालचा भात करपला हे कोण सांगल? शीत कुठून काढलं ते सांगा आधी."

प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांचे गोडवे गायले. मॅडमना बोलायचा आग्रह झाला. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जे आज इथं आले नाहीत, त्यांचंही मत कळलं असतं तर बरं झालं असतं." आणि बसल्या. सभागृहात खुर्च्या करकरल्या तेवढा आवाज झाला. त्यानंतर त्या निवृत्त होईपर्यंत त्यांना कुठल्याही समारंभात बोलायला सांगितलं गेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या निरोपालाही नाही.

मी हे सगळं विसरून गेले असते. पण शिक्षण संपवून दिग्रसला घरी बसले होते, नोकरीच्या शोधात होते, तेव्हा एका संस्थेच्या प्रकल्पात मला क्षेत्र समन्वयक म्हणून घेतलं आणि प्रकल्पप्रमुखांनी विचारलं, "इथलं, लोकल असं कोणी स्टॅटिस्टिक्सचं माणूस आहे का माहितीत?" माझ्या तोंडून मॅडमचंच नाव निघालं.

प्रकल्प दिसायला देखणा होता. मनगटावर बांधायची घड्याळं. वेळ सांगायची ती सांगायचीच, पण अंग किती तापलंय, नाडी किती चालतेय, माणूस किती हिंडतोय हेही टिपायची. घड्याळातून ते फोनमध्ये जायचं, फोनमधून आमच्या ऑफिसात. ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा होता आणि पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा. घड्याळ कुठेही फिरलं तरी मोजलं जायचं ते नोंदलेल्या गावातच. ज्या गावातली घड्याळं तापायला लागतील ते गाव लाल. जिथली अंगं थंड, ते हिरवं. जिथे घड्याळच नाही, ते पांढरं. लाल गावात डॉक्टरची फिरती गाडी जायची. तपासणी, रक्ताचे नमुने, गोळ्या, फवारणी, सगळं घेऊन. साथ पसरायच्या आधीच पकडायची, असा बेत.

प्रमुख पुण्याचे होते. तरुण, हुशार, गोड बोलणारे. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही, कारण वाईट असं त्यांनी काही केलं नाही. मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. मॅडम खुर्चीत बसल्या नाहीत. पडद्याजवळ जाऊन नाक टेकेल इतक्या जवळून नकाशा बघत राहिल्या.

"घड्याळं कोणाला दिली?"

"ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना, मॅडम. त्याशिवाय डेटा येणार कसा?"

"म्हणजे मास्तर, दुकानदार, कृषी केंद्रवाले, कॉलेजातली पोरं."

"हो, पण सॅम्पल साइज खूप मोठा आहे."

"मोठा आहे हे दिसते," मॅडम म्हणाल्या. "तापाला फोन लागत नाही, साहेब. डासाला तर रेंजही लागत नाही."

प्रमुख हसले. त्यांना वाटलं विनोद आहे.

मॅडमचं बोट नकाशाच्या पूर्वेकडे होतं. मारेगाव, पांढरकवड्याच्या बाजूला. तिथे जंगलात कोलामांच्या वस्त्या आहेत, इकडे त्यांना पोड म्हणतात. यवतमाळ, दिग्रस ठिपक्यांनी गजबजलेले आणि पोडांच्या जागी पांढरं. त्या पांढऱ्यावर मॅडम महिनोन्‌महिने भांडल्या. प्रत्येक बैठकीत तेच. कुणी म्हणालं, "जिल्ह्यात तापाचं प्रमाण कमी आहे," की त्यांचा हात वर. "जिल्ह्यात नाही. घड्याळात." कुणी म्हणालं, "लोकांचा प्रतिसाद उत्तम आहे," की, "ज्यांनी दिला त्यांचा." माणसं त्यांना बैठकीची वेळ चुकीची सांगायला लागली. मग त्या सकाळपासूनच येऊन बसायच्या, डबा घेऊन.

शेवटी प्रमुखांनी मान तुकवली. काही पोडांसाठी घड्याळं आणि त्यांना जोडलेले स्वस्तातले फोन मंजूर झाले. रेंज नव्हती तिथे, टेकडीवर एक यंत्र बसवलं. पोडामागे एक घर; ते कोणतं निवडायचं? मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. पोलीस पाटलाने आपलं घर सुचवलं तर त्याला म्हणाल्या, "तुमची चिठ्ठी निघाली तर तुम्हालाच देईन." निघाली नाही. तो रुसला तो रुसलाच.

एका पोडात चिठ्ठी निघाली पोचुबाईची. नवरा इस्तारी, पदरात दोन लहान लेकरं, आणि लहान दीर, हैदराबाद रोडवरच्या ट्रकवर क्लीनर. पोचुबाई ठेंगणी, गोंदलेल्या हातांची, आणि बोलायला जरा फटकळ. मॅडमनी तिच्या मनगटावर घड्याळ बांधलं तर ती हात लांब धरून बघत राहिली.

"कायले हे?"

"तुला ताप आला की आम्हाला तिकडे समजल," मॅडम म्हणाल्या. रागात किंवा आनंदात असल्या की त्या वऱ्हाडीवर यायच्या. तेव्हा आनंदात होत्या.

"तुमाले समजून काय होईन?"

"डॉक्टरची गाडी येईन."

"इथं? आमच्या पोडात?"

"इथंच."

"येईन?"

"येईन वो बाई. फक्त घड्याळ काढून ठेवू नको. ते बंद पडलं तर मले काही दिसणार नाही."

पोचुबाईने मान हलवली. मग इस्तारीकडे वळून कोलामीत काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसले. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

आठवड्याभरात पडद्यावर ते पोड हिरवं झालं. आजूबाजूची आणखी काही पोडं हिरवी झाली. मॅडमनी त्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्यांना आलूबोंडा खाऊ घातला. त्यांना कुणासाठी पैसे खर्च करताना मी तेवढंच पाहिलं. पडद्यासमोर उभ्या राहून त्या खात होत्या आणि चटणीचं बोट त्या हिरव्या ठिपक्याकडे करून म्हणत होत्या, "आले. आता हे हजेरीवर आले."

एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. मलाही नव्हती. फिरत्या गाडीचा एक जुना नियम होता. जी गावं पांढरी, म्हणजे ज्यांची काहीच माहिती नाही, तिथे गाडी पावसाळ्यात पाळीपाळीने जायचीच, बघून यायला. हिरव्या गावाला जायचं कारण नव्हतं. हिरवं म्हणजे ठीक. पोड पांढरं होतं तोवर गाडी निदान पोडाच्या रस्त्यापर्यंत अधूनमधून धडकायची. ते हिरवं झालं आणि गाडीच्या फेऱ्यांतून त्याचं नाव आपोआप गळालं. कुणी काढलं नाही. संगणकानेच काढलं.

पोळा झाला आणि ताप सुरू झाला. यवतमाळची एक कॉलनी लाल झाली म्हणून गाडी तिकडे धावली; दोन दिवस रक्तं घेतली, फवारणी केली. मागाहून कळलं की तिथल्या जिमला जाणाऱ्या पोरांनी घड्याळं बांधून व्यायामाची स्पर्धा लावली होती. ऑफिसात सगळे खूप हसले. मॅडम पडद्याकडे बघत होत्या. पूर्वेकडे सगळं हिरवंगार.

"इतकं हिरवं कसं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

प्रमुख म्हणाले, "मॅडम, आधी पांढरं होतं तर तुम्हाला त्रास होता. आता हिरवं आहे तरी त्रास?"

"गाडी द्या. मी बघून येते."

"लाल गावं सोडून हिरव्या गावात गाडी कशी पाठवू? तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला एसटी स्टँडवर बोलावलं. पांढरकवड्यापर्यंत बसने, तिथून ऑटोने, आणि ऑटोवाल्याने चिखल बघून पुढे यायला नकार दिला तिथून पायी. दोन्ही बाजूंनी कापसाची पराटी कमरेएवढी वाढलेली. मॅडम पुढे, चपला हातात घेऊन. मी सँडल सांभाळत मागे.

पोडात शिरलो तर दुपारच्या वेळी इतकी माणसं घरात असायला नको होती. शेतात निंदणाचे दिवस. पण एका घरात बाज, बाजेवर गोधडीखाली कोणीतरी. पुढच्या घरात ओसरीवरच एक म्हातारी कुडकुडत पडलेली. त्याच्या पुढच्या घरात दोन मुलं एका चादरीत. मॅडमनी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. भराभर चालायला लागल्या, पोचुबाईच्या घराकडे.

इस्तारी दारात बसला होता. डोकं तासलेलं. ते बघूनच मला समजलं. मॅडमना समजायला वेळ लागला, की त्यांनी समजून घ्यायचं नाकारलं, माहीत नाही. "पोचुबाई कुठाय?" त्या म्हणाल्या.

"गेली थे."

"कुठं गेली?"

इस्तारीने जंगलाच्या बाजूला हात केला, जिथे त्यांची माणसं पुरतात.

आत लेकरं होती. एक शेजारीण त्यांना भाकर कुस्करून देत होती. मॅडम खाली, मातीतच बसल्या.

"ताप आला होता?"

"लय ताप. अंग भट्टीसारखं. डोकं धरून बोंबलायची."

"मग घड्याळ... घड्याळात दिसलं नाही आम्हाला." मॅडमचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"पयल्याच रातीले हात सुजला तिचा. रुतून राह्यलं म्हनून काढलं." इस्तारी हळूहळू बोलत होता, एखाद्या गोष्टीचा हिशेब नीट दिला पाहिजे अशा रीतीने. "मंग म्हने, बाईनं सांगतलं हाय, काढून ठेवाचं नाई, बंद पडन. तुमाले दिसणार नाई. म्हनून भावाच्या हाताले बांधून देल्लं, त्याच्या मोबाईलले जोडून. थो टरकावर गेला. अजून त्याच्याच हातात हाय. म्या सांगतलं त्याले, काढू नको."



"दवाखान्यात काहून नाही नेलं?" मी विचारलं. विचारल्यावर समजलं की विचारायला नको होतं.

"गाडी येनार होती न," इस्तारी म्हणाला. "तुमीच म्हनलं होतं. पाठीवर घेऊन निंघालो असतो, अन् हिकडं गाडी येऊन परत गेली असती तं? म्हनून थांबलो. रोज रस्त्यापर्यंत जाऊन पाहे म्या."

तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं. तो आत गेला आणि आम्ही दिलेला फोन घेऊन आला. "हे पाहा बरं, बाई. काल आलं. मले वाचता येत नाई."

मॅडमनी फोन डोळ्यांजवळ धरला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. दर आठवड्याला घड्याळवाल्यांना आपोआप जाणारा निरोप होता तो. पोचुबाईच्या नावाने. 'अभिनंदन! या आठवड्यात आपली तब्येत उत्तम आहे. असेच चालत राहा.'

मला वाटलं, मॅडम काहीतरी थातूरमातूर सांगतील. घड्याळ परत मागितलंय म्हणतील, चार्जिंगचं काही आहे म्हणतील. कुणीही तेच केलं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक शब्द सुटा करून त्याला वाचून दाखवला. वऱ्हाडीत अर्थही सांगितला.

इस्तारीने पुरतं ऐकून घेतलं.

"हे कोनं पाठोलं?"

"म्या," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी ते पाठवलं नव्हतं. ते कुणीच पाठवलं नव्हतं. पण मॅडमनी ते तसंच सांगितलं, आणि इस्तारीने मान हलवली, जशी पोचुबाईने हलवली होती.

तिथून पांढरकवड्यापर्यंत काय काय केलं ते मला सलग आठवत नाही. टेकडीवर चढून फोन लावले, सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या नर्सला विनवण्या केल्या, एका ट्रॅक्टरवाल्याला धरून आजारी माणसं रस्त्यापर्यंत आणली. म्हातारी वाचली. मुलं वाचली. मॅडम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून येत होत्या, म्हातारीचं डोकं पायाला टेकवून घेऊन, आणि सगळा वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. मी कान देऊन ऐकलं. त्या म्हणत होत्या, "पांढरं असतं तर गाडी आली असती." गाडीच्या नियमाचं त्यांना मी टेकडीवरून ड्रायव्हरला फोन केला तेव्हा कळलं होतं. "पांढरं असतं तर आली असती. मी हिरवं केलं."

पुढच्या आठवड्यात ऑफिसात बाहेरून पाहुणे आले. प्रकल्प बघायला, पुढे वाढवायचा की नाही ते ठरवायला. पडदा पुसून लख्ख केला होता. प्रमुखांनी सगळं छान समजावून सांगितलं. मग मॅडम उठल्या. कुणी अडवायच्या आत पडद्याशी गेल्या आणि पूर्वेकडच्या त्या ठिपक्यावर बोट दाबलं. माहिती उघडली. महिला. विवाहित. शरीराचे तापमान सामान्य. खाली नाडीची रेघ चालत होती. वर, खाली, वर, खाली.

"ही बाई जिवंत आहे का?" मॅडमनी पाहुण्यांना विचारलं.

पाहुणे एकमेकांकडे बघून हसले. "दिसतंय तर जिवंत."

"हिला पुरलं. मी त्या जागेवर जाऊन आले. ही नाडी तिच्या दिराची आहे. तो आता कुठल्यातरी धाब्यावर चहा पीत असल. आजारी माणूस घड्याळ काढून ठेवतो, साहेब. म्हणून तुमच्या पडद्यावर आजारी माणूस कधीच नसते. जो उठून हिंडू शकते तोच दिसते. अन् ज्याच्या घरी घड्याळच नाही, तो तर जन्मलाच नाही."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. मग पाहुण्यांतल्या एकाने घसा साफ करून विचारलं, "याची बॅटरी साधारण किती दिवस टिकते?"

प्रमुखांनी त्याचं उत्तर दिलं. नंतर ते मॅडमजवळ आले. खरंच वाईट वाटलेलं होतं त्यांना. डोळ्यांत दिसत होतं. हळूच म्हणाले, "मॅडम, मी समजू शकतो. पण पोडात घड्याळं द्या हा आग्रह तुमचाच होता ना?"

"माझाच," मॅडम म्हणाल्या. पिशवी उचलली आणि गेल्या. त्यांना कुणी काढलं नाही. पुढच्या बैठकीचं फक्त कळवलं नाही, आणि या वेळी त्या सकाळपासून येऊन बसल्या नाहीत.

निर्णय झाला तो असा. पोडांतली माहिती भरवशाची नाही, तिथे एकाचं घड्याळ दुसरा घालतो, वापरणाऱ्यांच्या चुका फार. म्हणून पोडं अभ्यासातून वगळावीत. वगळली. टेकडीवरचं यंत्र काढून आणलं. नकाशाही नवा केला, फक्त घड्याळं असलेल्या गावांचा. पांढरा रंगच ठेवला नाही, कारण तो बघणाऱ्याला गोंधळात टाकतो. पांढरी गावं नाहीत म्हटल्यावर त्यांच्या फेऱ्याही नाहीत. अहवालात लिहिलं, सदोष नोंदी वगळल्यामुळे प्रकल्पाची अचूकता लक्षणीय वाढली. ते खरंच होतं. मॅडमनीच शिकवलेलं गणित करून मी ते पडताळून पाहिलं. अचूकता वाढली होती. प्रकल्प आणखी जिल्ह्यांत गेला. माझा करार संपला, मी दिग्रसला परत आले.

पुढच्या पावसाळ्यात मी मॅडमना भेटायला गेले तेव्हा त्या स्वतःच पोडांवर जायला लागल्या होत्या. आठवड्यातून एकदा, पहिल्या एसटीने. पिशवीत थर्मामीटर, गोळ्यांची पाकिटं, बिस्किटं. गुडघे सुजलेले. दारोदार जाऊन विचारायच्या, "आज कोण उठलं नाही?" आजारी कोण आहे विचारलं तर लोक नाही म्हणतात, त्या म्हणाल्या, असं विचारलं तर सांगतात. मला त्यांचा अभिमान वाटला. मी म्हटलं, मीही येते.

इस्तारीने आम्हाला दुरून पाहिलं. पुढे येऊन बाज टाकली, पाणी दिलं. लेकरं मोठी दिसत होती. आम्ही बसलो. तो उभाच राहिला.

"बाई, एक बोलू? राग नोका मानू."

"बोल ना."

"तुमी नोका येत जाऊ."

मॅडमनी मान वर केली.

"तुमी चांगल्याच हाय. म्या नाई म्हनत नाई. पन तुमी आल्या की लोकाले वाटते, आपल्यावर ध्यान हाय कोनाचं तरी. ताप आला तरी म्हंते, बाई येईन, पाहीन. मंग कोनी दवाखान्यात जात नाई. वाट पाहत बसते." तो थांबला. "तुमी नाई आल्या तं आमी आमचे निंघू."

मॅडम उठल्या. पिशवीतून थर्मामीटर काढून त्याच्यापुढे धरला. "हे तरी ठेव. कसं पाहायचं ते दाखवते."

"नोको, बाई," इस्तारी म्हणाला. अगदी मऊ आवाजात म्हणाला. "हे बी नोको."

रस्त्यापर्यंत आम्ही चालत आलो. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, की तो दुःखात आहे, त्याचं मनावर घेऊ नका. मॅडम म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे." त्यानंतर त्या पुन्हा तिकडे गेल्या नाहीत.

या वर्षीही पोळ्यानंतर तिकडे ताप आला, असं मारेगावच्या बाजारात दोन माणसं बोलताना मी ऐकलं. किती जणांना आला, ते त्यांना माहीत नव्हतं. ते कोणालाच माहीत नाही.